सम्यक आजीव आणि भांडवलाचा प्रश्न : खानदेशातील काही दाखले

वर्षावासातील प्रवचन संपल्यावर उपासक-उपासिका ज्या शंका विचारतात, त्यांचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे. पूर्वी विधी, संस्कार आणि पंचशीलाचे पालन यांविषयी विचारणा होत असे. आता जळगाव, भुसावळ, धुळे येथील निवृत्त शिक्षक, रेल्वे कर्मचारी, वीज केंद्रातील नोकरदार असे विचारतात की, निवृत्तीनंतर हाती आलेली रक्कम कोठे गुंतवावी, म्हणजे ती आपल्या शीलाला बाधक ठरणार नाही? ज्यांच्या आजोबांच्या नावावर सातबाराचा उतारा नव्हता आणि वडिलांचे बँकेत खाते नव्हते, त्यांच्यापुढे हा प्रश्न प्रथमच उभा राहिला आहे. म्हणून आम्हास तो किरकोळ वाटत नाही. या लोकांपुढे हल्ली 'नैतिक' किंवा 'शाश्वत' गुंतवणूक नावाचे एक उत्तर ठेवले जाते. मद्य, तंबाखू, शस्त्रे, कोळसा वगळून पर्यावरण, समाज आणि कारभार या कसोट्यांवर उतरलेल्या कंपन्यांचे भाग घ्यावेत, म्हणजे पैशाला पैसाही मिळतो आणि जगही सुधारते, असा या उत्तराचा दावा आहे. त्यातील दुसरा भाग, म्हणजे जग सुधारते हा, कितपत खरा आहे याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

हा दावा बौद्धांना लगेच भावतो, कारण त्याला आपल्या साहित्यात आधार आहे असे वाटते. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात उपासकाने शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच वस्तूंचा व्यापार करू नये असे सांगितले आहे. पाश्चात्त्य नैतिक गुंतवणूकदारांच्या वर्ज्य यादीशी ही यादी बरीच जुळते. परंतु यादी जुळली म्हणजे विचारही जुळला असे होत नाही.

त्याच निकायात अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत: संपत्ती असण्याचे, तिचा उपभोग घेण्याचे, ऋणमुक्त असण्याचे आणि निर्दोष असण्याचे. या चौथ्या सुखापुढे पहिली तिन्ही सोळाव्या भागाचीही ठरत नाहीत असे तेथे म्हटले आहे. हे 'अनवज्ज सुख' ज्याचे त्याने भोगावयाचे असते. माझे हात या पापात नाहीत, एवढेच ते सांगते. दीघ निकायातील कूटदन्त सुत्ताचा प्रश्न निराळा आहे. तेथे राज्यात चोऱ्या-लुटारी माजली असता पुरोहित राजाला सल्ला देतो की, शेती आणि पशुपालन करणाऱ्यांना बियाणे व चारा द्यावा, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्यावे, सेवकांना अन्न व वेतन द्यावे. येथे राजाच्या निर्दोषत्वाची चर्चा नाही. पैसा ज्याच्याकडे नव्हता त्याच्याकडे गेला, आणि त्यामुळे राज्याची स्थिती बदलली, एवढेच सांगितले आहे. पहिला विचार शुद्धीचा, दुसरा परिणामाचा. नैतिक गुंतवणुकीच्या प्रचारसाहित्यात या दोहोंची सरमिसळ होते आणि शुद्धीच्या नावाने परिणाम विकला जातो, असा आमचा मुख्य आक्षेप आहे.

शुद्धीचा प्रश्नही खानदेशात वाटतो तितका सोपा नाही. भुसावळचा आयुध निर्माणी कारखाना १९४९चा आणि वरणगावचा १९६४चा. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाल्यावर पहिला यंत्र इंडिया लिमिटेडकडे आणि दुसरा म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र कोळशावर चालते. या ठिकाणच्या नोकऱ्यांनी आमच्या समाजातील शेकडो घरांना गावकीच्या कामातून बाहेर काढले, मुलांना शिकविले, पक्की घरे बांधून दिली. आता त्याच घरातील मुलाने शस्त्रे आणि कोळसा वगळलेल्या एखाद्या फंडात पैसे गुंतवून समाधान मानावे आणि वडिलांच्या निवृत्तिवेतनाबद्दल मौन पाळावे, यात काहीतरी विसंगत आहे. वणिज्जा सुत्त व्यापार करणाऱ्याविषयी बोलते, तेव्हा पोटासाठी कारखान्यात राबणारा त्याच्या कक्षेत कितपत येतो हा वेगळा वाद आहे. त्यात आम्ही येथे शिरत नाही. पण ज्याला निर्दोषत्व हवे आहे त्याने ते आपल्या घराच्या इतिहासापासून तपासावे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता परिणामाकडे वळू. शेजाऱ्याकडून म्हैस विकत घेतली म्हणून गावात एक म्हैस वाढत नाही. फक्त दावे या खुंट्यावरून सुटून त्या खुंट्याला बांधले जाते. शेअर बाजारातील बहुतेक व्यवहार याच प्रकारचे आहेत. एखाद्या पवनऊर्जा कंपनीचा भाग आपण बाजारातून घेतो तेव्हा पैसा कंपनीकडे जात नाही, तो भाग विकणाऱ्याकडे जातो. तंबाखू कंपनीचा भाग विकतो तेव्हा कंपनीचे एक पानही कमी होत नाही, दुसरा कोणी तो भाग घेतो. यावर नैतिक गुंतवणुकीचे समर्थक असे उत्तर देतात की, पुष्कळ लोकांनी भाग घेण्याचे टाळले तर भाव पडेल, अशा कंपनीला नवे भांडवल महाग पडेल आणि ती आपला मार्ग बदलेल. तर्क बरोबर आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. जोनाथन बर्क आणि जुल्स व्हॅन बिन्सबर्गन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये अमेरिकी बाजारासाठी हे प्रमाण काढून पाहिले. भांडवलाच्या खर्चातील फरक त्यांना एक टक्क्याचे शंभर भाग केले तर त्यातील एका भागाच्या निम्म्याहूनही कमी आढळला. एवढ्या फरकाने कोणतीही कंपनी आपला कारखाना बंद करणार नाही.

जेथे पैसा नव्याने जातो, प्रत्यक्ष यंत्र उभे राहते, तेथे तरी परिणाम निश्चित असेल, असे वाचकांस वाटेल. या बाबतीत साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठाराइतका बोधप्रद दाखला क्वचितच सापडेल. धुळ्याहून सुरतेच्या बाजूने जाताना डोंगरमाथ्यावर दूरवर पवनचक्क्या दिसतात. ५२८ मेगावॅट क्षमतेचा हा पवनऊर्जा प्रकल्प देशातील मोठ्या प्रकल्पांत गणला जातो. या चक्क्या प्रामुख्याने मागील पंधरवड्यातल्या नव्हेत, तर या शतकाच्या पहिल्या दशकातल्या आहेत, आणि त्या उभारताना नीतीने किती काम केले हे पाहण्यासाठी आयकराच्या कायद्याकडे पाहावे लागते.

त्या काळात पवनचक्कीच्या मालकाला तिच्या किमतीच्या ८० टक्के रक्कम पहिल्याच वर्षी घसारा म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा करता येत असे. समजा, चक्कीची किंमत ५ कोटी रुपये आहे. तर ४ कोटींवरील कर त्या वर्षी भरावा लागत नसे. कराचा दर एक तृतीयांशाच्या आसपास धरला तर सव्वा कोटीहून अधिक रुपये हाती राहत. म्हणून ज्यांचा विजेशी काडीचाही संबंध नव्हता अशा कंपन्यांनी आणि धनिकांनी महाराष्ट्राच्या डोंगरांवर चक्क्या घेतल्या. खानदेशात वाऱ्याचा खरा हंगाम पावसाळ्याचा, परंतु चक्क्या विकत घेण्याचा हंगाम मात्र मार्चअखेरचा असे. हे आम्ही उपहासाने म्हणत नाही. कराच्या लोभाने का होईना, चक्की उभी राहिली आणि वीज निर्माण झाली, ही गोष्ट खरीच आहे. १ एप्रिल २०१२ पासून ही सवलत काढून घेण्यात आली, उत्पादनावर मिळणारे प्रोत्साहनही त्याच सुमारास थांबले, आणि देशात वर्षाला उभी राहणारी नवी पवनक्षमता सुमारे ३,२०० मेगावॅटवरून सुमारे १,७०० वर आली. २०१४ मध्ये सवलत पुन्हा आली, २०१७ पासून ती ४० टक्क्यांवर मर्यादित झाली. गुंतवणूकदारांची सद्सद्विवेकबुद्धी मार्च २०१२ मध्ये एकाएकी मंदावली असे कोणी म्हणणार नाही. बदलला तो कायदा.

या चक्क्यांवर दुसरेही एक उत्पन्न होते. क्योटो कराराने निर्माण केलेल्या स्वच्छ विकास यंत्रणेखाली धुळे जिल्ह्यातील पवनप्रकल्पांची नोंदणी होऊन त्यांना कार्बन पत्रे मिळाली. युरोपातील धूर सोडणाऱ्या कारखान्यांनी अशी पत्रे विकत घ्यावयाची आणि आपल्याकडील धूर तेवढ्या प्रमाणात चालू ठेवावयाचा, अशी ही योजना. तिचा सारा डोलारा एका गृहीतकावर उभा होता: पत्रांचा पैसा नसता तर हा प्रकल्प झालाच नसता. केलेल, कोल्मर, देशेझलेप्रेत्र आणि ग्लाशाँ या चार संशोधकांनी भारतातील पवनप्रकल्पांचा या दृष्टीने अभ्यास केला. मंजूर झालेल्या पत्रांपैकी किमान ५२ टक्के पत्रे अशा प्रकल्पांना मिळाली होती की, जे पत्रांशिवायही बहुधा उभे राहिलेच असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. अशा प्रकल्पांच्या बाबतीत येथे अधिक काही चांगले घडले नाही, आणि तेथे मात्र धूर सोडण्याची मुभा मिळाली. ज्यांनी पत्रे घेतली त्यांतील अनेकांचा हेतू शुद्ध असेल. चेतनेलाच तथागतांनी कर्म म्हटले आहे, हे आम्ही जाणतो. परंतु चेतनेत जाणून घेण्याची तयारीही अंतर्भूत आहे. पैसा देऊन डोळे मिटणे याला शुद्ध चेतना म्हणता येणार नाही.

आणि ब्राह्मणवेलच्या परिसरात जाणून घेण्यासारखे पुष्कळ होते. चक्क्यांसाठी साक्री आणि लगतच्या नंदुरबार भागात वनजमीनही देण्यात आली. या जमिनीचे काही तुकडे भिल्ल आणि कोकणा आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या कसत आले होते. २००६च्या वनहक्क कायद्याने त्यांना त्या जमिनीवर दावा सांगण्याचा अधिकार दिला. कायदा प्रत्यक्षात येईपर्यंत बऱ्याच ठिकाणी चक्क्यांचे पाये भरून झाले होते. सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेने याविरुद्ध दीर्घकाळ आंदोलन केले. मुंबईच्या कार्यालयात बसून हरित गुंतवणुकीच्या यादीवर खूण करणाऱ्याला ही चक्की निष्कलंक दिसते. पर्यावरणाच्या रकान्यात तिला पूर्ण गुण आहेत. समाजाच्या रकान्यात काय लिहावे, हे ठरविण्यासाठी पाड्यावर जाऊन विचारावे लागते, आणि गुण देणाऱ्या संस्था प्रायः कंपनीने भरून दिलेल्या कागदांवरून गुण देतात. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला, हे स्वागतार्ह आहे. पण तोही कंपनीच लिहिते.

याच तालुक्यात याच्या उलट दाखलाही आहे, आणि तो सांगितला नाही तर आमची टीका एकांगी होईल. शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. त्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेने २५ कोटी युरोंचे कर्ज दिले. त्या काळाचे भान ठेवले पाहिजे. २०१० च्या अखेरीस केंद्र सरकारने सौर विजेसाठी बोली मागविल्या तेव्हा दर युनिटला सरासरी १२ रुपयांच्या वर गेले होते. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे तेच दर २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरले. वीज महाग असताना, तंत्र नवखे असताना, नेहमीचा सावकार हात आखडता घेत असताना जो दीर्घ मुदतीचा पैसा देतो, त्याचा पैसा खरोखर फरक घडवितो. भाव उतरल्यावर रांगेत येणाऱ्यांचा पैसा केवळ नफा घेतो. कूटदन्त सुत्तातील पुरोहिताला नेमके हेच अभिप्रेत असावे. ज्याला कोणी देत नाही त्याला द्यावे. भांडवलाची नीती ही बव्हंशी वेळेची आणि टंचाईची नीती आहे, हे नैतिक गुंतवणुकीच्या पुस्तकांत क्वचितच आढळते.

मात्र सूर्याचे नाव घेतल्याने जमिनीचा प्रश्न सुटत नाही. शिंदखेडा तालुक्यातील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन दोंडाईच्याच्या नियोजित वीजप्रकल्पासाठी संपादित झाली होती. त्या जागी पुढे सौर प्रकल्पाची योजना आली. योग्य मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेल्या या शेतकऱ्याने २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. यावर अधिक भाष्य करण्याची आमची इच्छा नाही. हरित रोख्यांची माहितीपत्रके वाचताना हे नाव आठवावे, एवढेच.

जळगावकडे वळले तर प्रश्नाचे आणखी एक अंग दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातील लहान धारणक्षेत्रांवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी दाखवून दिले की, शेत किफायतशीर ठरणे हे केवळ त्याच्या आकारावर नव्हे, तर त्यावर किती भांडवल व साधने लागतात यावर अवलंबून असते. ठिबक सिंचन हे अशा भांडवलाचे ठळक उदाहरण होय. भवरलाल जैन यांनी जळगावात उभारलेल्या जैन इरिगेशनने गेल्या तीन-साडेतीन दशकांत ते केळीच्या आणि कापसाच्या शेतात पोचविले. जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळासह शाश्वततेच्या नावाने चालणारा विदेशी पैसाही या कंपनीत आला. उत्पन्न वाढले, मजुरी वाचली, एकरी पाणी कमी लागले. हे खानदेशातील कोणताही शेतकरी सांगेल. परंतु केळीचे मुख्य तालुके असलेल्या यावल आणि रावेर येथील भूजलाची पातळी त्यामुळे सावरली नाही. अतिउपशाचे तालुके म्हणून त्यांची नावे शासकीय अहवालांत येत राहिली. वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी केळी लावली. यात त्याचा दोष नाही, पाणी किती उपसावे याचा सामुदायिक नियम नव्हता. आता तापी खोऱ्यात पुनर्भरणाची मोठी योजना आखली जात आहे आणि तिच्यासाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. जे नळीने साधले नाही ते सरकारी खर्चाने साधावयाचे आहे. खुद्द कंपनी २०१९ मध्ये कर्जाच्या संकटात सापडली. सरकारी अनुदानाची थकलेली येणी हे त्याचे एक कारण सांगितले गेले. २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली. शाश्वत म्हणून घेतलेला भागही पाण्यासारखा आटतो, हे भागधारकांनी त्या काळात अनुभवले.

गुंतवणूकदाराचा आवाज मात्र सर्वस्वी निरर्थक नाही. ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरावर वेदांत कंपनीला बॉक्साइटची खाण हवी होती. नॉर्वेच्या सरकारी निधीने २००७ मध्ये आणि चर्च ऑफ इंग्लंडने २०१० मध्ये या कंपनीतील आपले भाग काढून घेतले. खाण त्यामुळे थांबली नाही. ती थांबली सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये ग्रामसभांना विचारण्याचा आदेश दिल्यावर आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिल्यावर. पण भाग विकणाऱ्यांनी आपली कारणे जाहीर लिहिली, त्यामुळे डोंगरिया कोंधांचे म्हणणे लंडनच्या वृत्तपत्रांपर्यंत गेले. भाग विकणे दुय्यम होते, कारण सांगणे महत्त्वाचे होते. मुकाट्याने विकले असते तर ते कोणाच्या ध्यानातही आले नसते. ब्राह्मणवेलच्या बाबतीत ग्रामसभा आधी विचारली गेली असती, तर आम्हास हा लेख निराळा लिहावा लागला असता.

सरतेशेवटी ज्यांच्या प्रश्नावरून हा लेख लिहिला त्यांच्याकडे परत येतो. त्यांच्यापैकी अनेक जण म्हणतात, आमची गुंतवणूक आहेच कोठे? ती आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी ऑगस्ट २०१५ पासून आपल्या नव्या रकमेचा काही भाग निर्देशांकावर आधारलेल्या फंडांत घालतो आणि त्या निर्देशांकांत सिगारेट विकणारी आयटीसी आहे. आयुर्विमा महामंडळ त्याच कंपनीचे मोठे भागधारक आहे. सरकारी विमा कंपन्यांनी तंबाखूत पैसा घालावा काय, या प्रश्नावर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. खानदेशात विम्याचा कागद नसलेले नोकरदार घर दुर्मीळ. म्हणजे ज्या पैशावर आपली निवड चालत नाही तोच पैसा मोठा, आणि ज्यावर ती चालते तो निवृत्तीच्या रकमेतून उरलेला लहानसा भाग.

त्या लहान भागाविषयी आमचे मत पुढीलप्रमाणे आहे. ज्यांना मद्य-तंबाखूचे भाग नको असतील त्यांनी ते जरूर घेऊ नयेत. अनवज्ज सुखाला मोल आहे, आणि त्यासाठी परिणामाचा दाखला देण्याची गरज नाही. परंतु अशा फंडावर जादा शुल्क आकारले जात असेल, तर ते जग सुधारण्याचे शुल्क आहे असे समजू नये. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करून दोन भाग कामधंद्यात घालावेत आणि एक संकटकाळासाठी राखावा असे सांगितले आहे. राखीव भाग नीतीच्या नावाने कोणाच्या हाती देऊ नये. आपल्याच ओळखीच्या, आपल्याच समाजाच्या म्हणून ज्या पतसंस्थेवर विश्वास टाकला, तिच्यात अडकलेल्या ठेवीची पावती आमच्याही कपाटात आहे. उरलेल्यातून थोडे, बुडाले तरी घर मोडणार नाही एवढे, ज्याला बँक दारात उभे करीत नाही अशा माणसाला द्यावे: शिवणयंत्र घेणारी बहीण, वसतिगृहाचे शुल्क भरू न शकणारा विद्यार्थी, ठिबकाच्या संचासाठी अनुदान येईपर्यंत थांबू न शकणारा दोन एकरांचा शेतकरी. या व्यवहाराला कोणतीही संस्था गुण देत नाही, आणि येथे देणाऱ्याला घेणाऱ्याच्या घरी जाऊन परिणाम पाहता येतो. भविष्य निर्वाह निधी आणि आयुर्विम्याच्या बाबतीत व्यक्तीला मत नाही, पण कर्मचारी संघटनांना आहे. निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसतात. भुसावळ आणि दीपनगरच्या संघटनांनी आपल्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, आणि ठराव करावयाचा झाल्यास तंबाखूबरोबर साक्रीच्या वनहक्क दाव्यांचाही त्यात उल्लेख करावा, अशी आमची सूचना आहे.